अमेर्सा आजीचे दोनशे तेरा थांबे

पेत्रोखोरी, लेस्वोस
सोमवार, २१ ऑक्टोबर

आदरणीय थिओफानिस मामा,

आधी उजवा हात जरा पुढे करा. मी तो इथूनच कपाळाला लावतो. एव्हान्थियाताईला आणि जावईबापूंना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद (थोरल्याला मिशी फुटली असं ऐकतो, तरी त्यालाही). तुमचा गुडघा कसा आहे? पिरेअसची दमट हवा त्याला सोसत नाही, असं ताई तुमच्या भाचेसुनेला, एर्मिओनीला सांगत होती. मी फोन करत नाही याचा राग धरू नका. गेल्या ईस्टरला मी अंगणात उभं राहून, शेजारच्या कोंबड्या उडतील इतक्या मोठ्याने तीन वेळा 'ख्रिस्त उठला' म्हणालो, आणि तुम्ही तिन्ही वेळा 'कोण?' असं विचारलंत. तेव्हापासून मी पत्रावर आलो. इकडे सगळं क्षेम आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. ऑलिव्ह यंदा बरे लागलेत, घाण्याचा पट्टा नवा बसवला, एर्मिओनीची पाठ तिच्या म्हणण्यानुसार वाईट आणि माझ्या पाहण्यात चांगली आहे. बाकी क्षेम नाही. हे पत्र मी चार वेळा सुरू करून चार वेळा चुलीत घातलं. हे पाचवं आहे आणि चूल विझली आहे, तेव्हा लिहून टाकतो.

सप्टेंबरात अथेन्सच्या एका विद्यापीठातून मिर्तो नावाची मुलगी गावात आली. मुलगी म्हणजे तिशीची असेल. चष्मा, पाठीवर कासवासारखी पिशवी, आणि बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघायची सवय (पहिले दोन दिवस सगळं गाव तोंड पुसत होतं). माणूस बोलताना कुठे थांबतो याचा ती अभ्यास करते. हे कॉफीच्या दुकानात कळलं तेव्हा दुकानदार पानागोस म्हणाला, "आमच्याकडे कुणी थांबत नाही, पोरी. चुकीच्या बेटावर उतरलीस." तिचं सांगणं मला मात्र पटलं. लिहिताना आपण शब्दांमध्ये जागा सोडतो, वाक्य संपलं की टिंब देतो. जीभ असं काही करत नाही. ती दोन शब्द कुठे चिकटवते, कुठे जराशी अडते, कुठे पुरती विसावते, आणि ऐकणाऱ्याला ते आपोआप कळतं. त्यातून आपल्या बेटाला स्वर गिळायची सवय. तीन शब्द एका घासात जातात, बाहेरच्याला शिवण कुठे आहे ते दिसतच नाही. म्हणून तिला इथलेच कान हवे होते, आणि तेही दोन माणसांचे. दोघांनी एकच बोलणं वेगवेगळं ऐकायचं, कागदावर खुणा करायच्या, त्याबद्दल एकमेकांशी चकार शब्द काढायचा नाही. मग दोन कागद ताडून पाहायचे. जुळले तर तिचं दोन वर्षांचं काम खरं. नाही जुळले तर गाशा गुंडाळून परत.

पाद्रीबाबा इग्नातिओस तिथेच कॉफी पीत होते. ते म्हणाले, "कान हवेत ना? माझ्या चर्चमध्ये दोन जोड्या आहेत, एक उजवीकडे, एक डावीकडे. दोन्ही एकाच गुरूने पिळून तयार केलेल्या. आणि एकमेकांशी न बोलण्याचं म्हणशील, तर ते दोघं नऊ वर्षं बोललेले नाहीत." मिर्तोचा चेहरा उजळला. "हे तर उत्तमच झालं," ती म्हणाली. मामा, माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात लाजिरवाण्या गोष्टीला कुणी उत्तम म्हणण्याची ही पहिलीच वेळ.

प्रोकोपिसबद्दल मी तुम्हाला काय सांगायचं. शाळेच्या एकाच बाकावरून तुम्ही आम्हा दोघांना उचलून चर्चमध्ये गायला नेलंत. गाव सोडताना उजव्या बाजूचं पोथीचं मेज मला दिलंत, डावं त्याच्याकडे राहिलं. आमचं बोलणं बंद आहे हे तुमच्या कानावर गेलं असेलच (कान चांगले होते तेव्हा). का बंद आहे हे तुम्ही कधी विचारलं नाहीत, आणि मी कधी सांगितलं नाही. सांगतो, पण क्रमाने सांगू द्या. एकदम सांगितलं तर मी पुन्हा चूल पेटवीन.

काम शाळेत होतं. शाळा बंद होऊन चार वर्षं झाली, पण बाक तेच आहेत, नकाशा तोच आहे, त्यावर आपलं बेट अजूनही माशीच्या डागाखाली आहे. मी सकाळी जायचो, प्रोकोपिस दुपारी, मधे दोन तास सोडलेले, म्हणजे दारातही गाठ पडू नये. कानांवर दोन वाट्या बसवायच्या, समोरच्या पडद्यावर आवाजाचं चित्र यायचं (काटेरी कुंपणासारखं दिसतं), आणि हातात बोलण्याचा छापील कागद, ज्यात एकही टिंब नाही, स्वल्पविराम नाही. असा कागद मी जन्मात पाहिला नव्हता. बांध नसलेली शेतं वाटली; कुणाचं काय, काही कळेना. खुणा तीन. चिकटलेल्या शब्दांखाली वाटीसारखी रेघ, जरा थांबलं की एकेरी उभी रेघ, पुरतं थांबलं की दुहेरी. पहिल्या आठवड्यात तिने मेंढपाळाचं बोलणं दिलं आणि फक्त वाटीसारख्या व एकेरी रेघा मारायला सांगितल्या. शुक्रवारी ती नाचतच आली. शंभरातल्या त्र्याण्णव जागी आम्ही दोघं जुळलो होतो. "दोघं एकाच कानाने ऐकता की काय?" ती म्हणाली. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा प्रोकोपिसचं आणि माझं एकमत झालं होतं आणि ते एका यंत्राने मान्य केलं होतं.

दुसऱ्या आठवड्यात आली अमेर्सा आजी, आणि माझी शोभा तिथून सुरू झाली. अमेर्साला तुम्ही ओळखता. अठ्ठ्याऐंशीची झाली, अजून छपरावर चढून अंजीर वाळवते. मिर्तोने तिला विचारलं होतं, चीज कसं खारवता? आजी मिठापासून निघाली आणि सगळं गाव फिरून दीड तासाने मिठावर परत आली. मधे एका ठिकाणी ती आपल्या घरातल्या गेलेल्या माणसांची नावं घेते, एकामागून एक, चौदा. आता तुम्हीच सांगा, पस्तीस वर्षं ज्या माणसाने मेलेल्यांच्या यादीनंतर 'त्यांची आठवण चिरंतन राहो' म्हटलंय, त्याच्या कानात चौदा नावं पडली तर तो काय करेल? मी म्हटलं. तीन वेळा म्हटलं, पूर्ण चालीत, तुम्ही शिकवलेल्या लांब शेवटासकट. कानांवर वाट्या असल्यामुळे मला माझाच आवाज ऐकू येत नव्हता, म्हणून जरा मोठ्याने म्हटलं असावं. शाळेसमोर पानागोसचं दुकान. तिथल्या लोकांनी टोप्या काढल्या, पानागोसने अर्धं दार ओढलं, कुणीतरी जाऊन घंटा वाजवली. घंटा ऐकून स्वतः अमेर्साने, कोण गेलं हे न विचारता, श्राद्धाचे गहू उकडायला टाकले. मी बाराला बाहेर आलो तर चौकात माणसं उभी, आणि सगळी मला हळू आवाजात विचारतायत, "कोण?" (त्या दिवशी मला तुमची फार आठवण झाली.) कुणी नाही हे कळल्यावर त्यांची थोडी निराशाच झाली. गहू दोन दिवस सगळ्यांनी खाल्ले. अमेर्सा म्हणाली, "खा बाबांनो, माझेच आहेत, आधी खाल्ले म्हणून काय झालं."

पण लाज म्हणतोय ती ही नव्हे. ही सांगून मी फक्त वेळ काढतोय.

त्याच बोलण्यात पुढे, माणसं संपून सण सुरू होतात, आणि आजी ख्रिस्ताच्या मृत्यूच्या मोठ्या शुक्रवारवर येते. विलापगीतांवर. तुम्हाला माहीत आहे, एक कडवं उजवीकडून, एक डावीकडून, मधे फुलांनी मढवलेली ख्रिस्ताची तिरडी, सगळं गाव हातात मेणबत्त्या घेऊन उभं. आणि त्यात ख्रिस्ताच्या आईचं कडवं, जिथे ती लेकराला हाक मारते, ते मोजणीने नेहमी डावीकडे जातं. नऊ वर्षांपूर्वी त्या शुक्रवारी प्रोकोपिसची आई जाऊन चाळीस दिवसही झाले नव्हते. त्याने ते कडवं उचललं आणि पहिल्या ओळीनंतर थांबला. आणि मी ते घेतलं. त्याच्या तोंडातून घेतलं आणि शेवटपर्यंत गायलो. प्रोकोपिसने पोथी मिटली, मेणबत्ती विझवली आणि चर्चमधून निघून गेला. पुढच्या रविवारी तो आपल्या जागी परत आला, पण माझ्याशी बोलला नाही, तो आजवर नाही.

हे अमेर्साच्या तोंडून मला कानांवर वाट्या लावून ऐकायचं होतं. एकदा ऐकून भागत नाही; नियम असा की शंका असेल तिथे पुन्हा ऐकायचं. मी अकरा वेळा ऐकलं. "बिचारा प्रोकोपिस," आजी म्हणते, "आई मातीत अजून ताजी, गळा दाटला, थांबला." मग ती स्वतः थांबते. पडद्यावरचं काटेरी कुंपण संपतं आणि एक सरळ रेघ लागते, ओसाड माळासारखी, पाच सेकंद. आणि मग: "आणि हा स्त्रातिस, खाटकाकडच्या रांगेत घुसावं तसा घुसला. बरं, आवाज चांगला आहे मेल्याचा, त्यामुळे मधे बोलताही येईना." मामा, माझी लाज चित्रात कशी दिसते हे मला आता माहीत आहे. आधी सपाट असते, मग एकदम टेकडी. आणि मला हेही माहीत होतं की दुपारी दोनला प्रोकोपिस याच बाकावर बसून, हेच, बहुधा अकरा वेळाच ऐकणार आहे. मी निघताना त्या वाट्या रुमालाने पुसून ठेवल्या. दुसरं काय करणार होतो?

घरी आल्यावर एर्मिओनीने जेवण वाढलं आणि तोंडाकडे बघून म्हणाली, "आजीची शुक्रवारची गोष्ट आली वाटतं." मी म्हटलं, तुला कसं कळलं? "ती ही गोष्ट सगळ्यांना सांगते, तुझ्याशिवाय." मग कांदा चिरता चिरता म्हणाली, "दर रविवारी त्याच्या समोर उभा राहून चाळीस चाळीस वेळा देवाकडे दया मागतोस. त्याच्याकडे एकदा मागायला काय होतं तुला?" मी काही बोललो नाही. ती म्हणाली, "बघ, आता थांबलास."

गेल्या बुधवारी मिर्तोने आम्हा दोघांना एकाच वेळी बोलावलं. मी आत गेलो तर प्रोकोपिस नकाशाकडे तोंड करून उभा, जणू आपलं बेट शोधतोय. मिर्तोच्या हातात दोन कागद आणि डोळे रडून लाल. ती म्हणाली, "काका, मी तुमचं काय वाईट केलं?" मला वाटलं गव्हाचं कळलं. पण ते नव्हतं. अमेर्साच्या बोलण्यात तिला दुहेरी रेघा हव्या होत्या, पुरते थांबे. माझ्या कागदावर एकशे सात होत्या, प्रोकोपिसच्या एकशे पाच, आणि त्यातली एकही, मामा, एकही एका जागी पडलेली नव्हती. "दोन बकऱ्या कागदावरून चालवल्या असत्या तरी चार खूर एका जागी पडले असते," ती म्हणाली. "असं आपोआप होत नाही. तुम्ही ठरवून केलंत. माझी थट्टा केलीत." मी छातीवर क्रूस काढून सांगितलं की मी खरं ऐकलं तसंच मारलं. प्रोकोपिसनेही, नकाशाला सांगावं तसं, तेच सांगितलं. ती म्हणाली, "आणि हे बघा. इथे आजी पाच सेकंद गप्प आहे. इथे बहिरासुद्धा थांबला असता (मामा, क्षमा करा, शब्द तिचे आहेत). इथे तुम्हा दोघांपैकी कुणीच काही मारलेलं नाही. का?" मी बघितलं. 'थांबला' या शब्दापुढे दोन्ही कागद कोरे होते.

तेवढ्यात पाद्रीबाबा आले (दाराबाहेर ऐकत होते असं माझं मत आहे). त्यांनी दोन्ही कागद घेतले, एकावर एक ठेवले आणि खिडकीच्या काचेवर उजेडात धरले. बराच वेळ बोटाने मोजत राहिले. मग लहान मुलांच्या बाकावर बसले आणि इतके हसले की तिथेच अडकले. नंतर त्यांना काढायला आम्हा तिघांनाही हात लावावा लागला. "पोरी," ते म्हणाले, "नीट बघ. पहिला थांबा कुणाचा? उजव्याचा. दुसरा? डाव्याचा. तिसरा उजव्याचा, चौथा डाव्याचा. या गाढवांनी अमेर्साचं चीज विलापगीतासारखं आळीपाळीने वाटून घेतलंय." आणि खरंच तसं होतं. चर्चमध्ये पुरता थांबा आला की पाळी बदलते. माझा थांबा मी मारला, की पुढचा प्रोकोपिसचा; हात आपोआप खाली जायचा. वाटीसारख्या आणि एकेरी रेघांना पाळी नसते, म्हणून त्या जुळल्या. दीड तासात दोनशे तेरा थांबे, वेगवेगळ्या वेळी, एकमेकांना न विचारता, आणि आम्ही एकदाही एकमेकांच्या पाळीत घुसलो नाही, एकदाही मोजणी चुकली नाही. मिर्तोने डोळे पुसले, मग म्हणाली की हे तिला लिहिता येईल, पण आम्हाला सगळं पुन्हा, एकटं असल्यासारखं करावं लागेल. पाद्रीबाबा म्हणाले, "ते यांना जमणार नाही."

मग तिने मोजलं. तो कोरा थांबा एकशे अठ्ठेचाळिसावा निघाला. सम आकडा. म्हणजे डाव्याची पाळी. तिने प्रोकोपिसला विचारलं, "काका, हा तुमचा होता ना?" तो काही बोलला नाही. आता खोलीत तसंच झालं होतं, मामा, पडद्यावर होतं तसं, सरळ रेघ. मी त्याच्यापासून दोन हातांवर उभा होतो. क्षमा मागायला याहून बरी जागा देवानेही दिली नसती: आमचीच शाळा, पाद्रीबाबा हजर, आणि समोर कागदावर लेखी पुरावा की आम्ही दोघं मिळून एकच कान आहोत. मी तोंड उघडलं. आणि मला वाटलं, प्रश्न त्याला विचारलाय, पाळी त्याची आहे, आता तरी मधे घुसू नये. म्हणून मी थांबलो. तो नकाशाकडे बघत थांबला. पाद्रीबाबा बाकात अडकून थांबले. मग प्रोकोपिसने टोपी घातली, पाद्रीबाबांना ओढून बाहेर काढायला हात लावला, आणि गेला. एर्मिओनीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "एकदा बोलू नये तिथे बोललास, एकदा बोलावं तिथे गप्प बसलास. आता तिसरं काही शोधून काढ."

तिसरं मी नऊ वर्षांपूर्वीच शोधून काढलंय, आणि तेच माझं व्रत आहे. त्या शुक्रवारनंतर प्रोकोपिसची ओळ संपली की मी लगेच सुरू करत नाही. एक श्वास जास्त थांबतो, कधी दोन, त्याचं खरंच संपलं याची खात्री होईपर्यंत. पाद्रीबाबांनी घड्याळ लावून पाहिलं. प्रार्थना वीस मिनिटं लांबली आहे. रविवारी बायका चण्यांची मडकी बेकरीच्या भट्टीत ठेवून येतात आणि घरी जाऊन करपलेले चणे खातात, आणि मला नावं ठेवतात. मी ती आनंदाने ऐकून घेतो. माझं प्रायश्चित्त ते हेच, असं मला वाटत आलं.

आता ते सांगतो, जे चार वेळा चुलीत गेलं. तुम्ही आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं: आवाज पायरी उतरून खाली आला तर माणूस संपला, पायरीवरच उभा राहिला तर तो फक्त थांबलाय, त्याला उभं राहू दे. मिर्तोनेही परवा पडद्यावर तेच दाखवलं, आणि मी तिला सांगितलं की हे मला माझ्या मामांनी यंत्राशिवाय शिकवलंय. गावाला वाटतं, प्रोकोपिस थांबला आणि स्त्रातिसला वाटलं तो संपला; चूक झाली, कान चुकला. मामा, माझा कान चुकला नाही. त्याचा आवाज खाली आलेला नव्हता. तो वरच्या पायरीवर उभा होता, मला स्पष्ट ऐकू आलं. पण ते आईचं कडवं लहानपणापासून मला हवं होतं, आणि मोजणीने ते कधीच माझ्याकडे आलं नसतं. पाच सेकंद जागा दिसली आणि मी घेतली. ज्याची आई गेली त्याच्याकडून आईचं कडवं घेतलं, तेही मृत ख्रिस्तासमोर. आणि सगळ्यात वाईट हे की छान गायलो. हे मी पाद्रीबाबांना पापनिवेदनातही 'घाई केली' एवढंच सांगितलंय.

एवढंच. गुडघ्याला कापूर घातलेलं तेल चोळत जा, औषधाच्या गोळ्या चुकवू नका, आणि ताईला सांगा की मासे फार तळू नयेत. देव तुम्हाला सांभाळो आणि माझ्याकडे फार निरखून न बघो.

तुमचा भाचा,
स्त्रातिस

ता. क. एर्मिओनीने क्विन्स फळाच्या मुरंब्याची बरणी दिली आहे. झाकण घट्ट आहे. जावईबापूंना उघडू द्या, तुम्ही हट्ट करू नका.

ता. क. २. पत्र खरं तर मी यासाठी लिहिलं. ८ नोव्हेंबरला देवदूतांचा सण आहे. तुम्हाला बोट सोसणार नाही हे माहीत आहे, म्हणून या म्हणत नाही. पण त्याआधी प्रोकोपिसला दोन ओळी लिहाल का? तुमचं अक्षर तो परत पाठवणार नाही. लिहा की स्त्रातिस क्षमा मागतो. चूक झाली म्हणून नव्हे. चूक झाली नव्हती म्हणून. आणि लिहा की येत्या मोठ्या शुक्रवारी आईच्या कडव्यात तो सकाळपर्यंत थांबला तरी मी थांबेन.

ता. क. ३. पोस्ट बंद झाल्यापासून गावची पत्रं प्रोकोपिसच दर मंगळवारी आपल्या टेम्पोतून बंदरावर नेतो. बरणी आणि हे पत्र उद्या त्याच्याबरोबरच येईल. पाकिटाचा डिंक धरत नाही (पाकीट नवं आहे, हे मला माहीत आहे). खाली अर्धं पान कोरं राहिलंय, ते वाया गेलं असं समजू नका.

बंदरावर, मंगळवार

गुरुजी,

अक्षर बदललं ते तुमच्या लक्षात आलं असेल. पाकीट उघडं होतं, बोट दोन तास उशिरा आहे, मी वाचलं. मी वाचावं म्हणूनच त्याने उघडं ठेवलं होतं, तेव्हा याचं पाप अर्धं त्याचं.

आता माझी पाळी आहे म्हणून लिहितो. मी त्या शुक्रवारी रडत नव्हतो. रडायचं ते घरी रडून झालं होतं. तुम्ही शिकवलंत, पाठ असलं तरी पोथीत बघून गा. मी बघितलं. मेण सांडून दोन पानं चिकटली होती, समोर भलतंच कडवं आलं, आणि पाठ होतं ते डोक्यातून पार गेलं. आईचं कडवं, आई जाऊन महिना झालेला, आणि मला शब्द आठवेना. सगळं गाव बघत होतं. त्याने घेतलं म्हणून मी वाचलो. निघून गेलो तो रागाने नव्हे, तोंड लपवायला. दुसऱ्या दिवशी दारात अर्ध्या गावाच्या बायका थाळ्या घेऊन उभ्या, बिचारा, गळा दाटला. मी काय सांगणार होतो, मेण? नऊ वर्षं लोक मला बिचारा म्हणतायत, आणि गुरुजी, मला ते आवडत होतं. त्याच्याशी बोललो असतो तर खरं सांगावं लागलं असतं. म्हणून अमेर्साच्या त्या थांब्यावर माझा हात उठला नाही. ती खोटं सांगत होती आणि ते खोटं माझं होतं.

आणि तो जो दर ओळीनंतर थांबतो, मला वाटायचं तो मला डिवचतोय. बघ, संपलं का, की पुन्हा विसरलास? दर रविवारी मी मनातल्या मनात त्याला शिव्या दिल्यात, तेही चर्चमध्ये. तो व्रत करत होता हे मला आत्ता, या मासळीच्या टोपल्यांमध्ये बसून कळतंय.

परत गेल्यावर शाळेत जाऊन ती एकशे अठ्ठेचाळिसावी रेघ मी मारणार आहे. पोरीला दुहेरी हवी आहे. मी एकेरी मारीन. तिथे कुणी संपलं नव्हतं.

पाकीट मी बंद केलं. डिंक चांगला आहे. बरणीचं झाकण मीच उघडून सैल करून ठेवलंय, चव चांगली आहे. तुम्ही मला लिहू नका, त्याला लिहा: रविवारी माझी ओळ संपली की लगेच उचल. मी सांगितलं तर तो आधी थांबेल, विचार करेल, आणि तोवर पुन्हा चणे करपतील.

प्रोकोपिस, डावीकडून